बहादूर यार जंग वाचले असते तर?

जर-तरला इतिहासात जागा नसते, असं आपण म्हणतो आणि पुढच्याच वाक्यात जर-तर सुरू करतो. पानिपतावर विश्वासराव पडले नसते तर. सामूगढची लढाई दारा शिकोहने जिंकली असती तर. थोरले माधवराव वयाच्या २७व्या वर्षी गेले नसते तर. अशा गप्पांना अंत नसतो, कारण 'तर'च्या पुढे आपल्याला हवं ते लिहिता येतं.

ब्रिटनमध्ये हा खेळ राजकीय पक्षांच्या नेतृत्वावरून फार रंगतो. मजूर पक्षाचे नेते ह्यू गेट्सकेल जानेवारी १९६३ मध्ये अचानक वारले. त्यांच्या जागी हॅरोल्ड विल्सन आले आणि पुढच्याच वर्षी पंतप्रधान झाले. १२ मे १९९४ रोजी त्याच पक्षाचे जॉन स्मिथ हृदयविकाराच्या झटक्याने गेले आणि पक्ष टोनी ब्लेअर यांच्या हातात आला. स्मिथ जगले असते तर २००३ साली ब्रिटिश फौजा इराकमध्ये उतरल्या असत्या का, यावर तिकडची माणसं अजून वाद घालतात. एका माणसाचं हृदय एका सकाळी थांबलं म्हणून दूरच्या देशातली शहरं जळली का, असा तो प्रश्न आहे. दिसायला खेळ असला तरी आत तो गंभीर आहे.

आपल्या मराठवाड्याकडेही असा एक प्रश्न आहे. पुस्तकांत तो फारसा सापडत नाही, पण मुस्लिम घरांत तो पिढ्यान् पिढ्या विचारला जातो.

मी धारूरमध्ये उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषा शिकवतो. उर्दूच्या तासाला कधी कधी 'रज़ाकार' हा शब्द येतो. 'रज़ा' म्हणजे मर्जी, खुशी. आपल्या खुशीने काम करणारा तो रज़ाकार, म्हणजे स्वयंसेवक. पूर आला आणि रज़ाकार मदतीला धावले, असं वाक्य उर्दूत अगदी साधं आहे. पण मराठवाड्यातल्या वर्गात ते साधं राहत नाही. मुलं एकमेकांकडे बघतात, एखादा मान खाली घालतो. कारण मराठीच्या तासाला आणि रस्त्यावर हाच शब्द शिवी होऊन त्यांच्यापर्यंत आधीच पोचलेला असतो. दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं, मुक्तिसंग्रामावर भाषणं होतात, आणि घरी परतल्यावर आमच्यातलं एखादं बुजुर्ग माणूस हळूच म्हणतं, "बहादूर यार जंग रैते तो ये नौबत नै आती."

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलो आहे. आज ते तपासून बघू.

मोहम्मद बहादूर खान यांचा जन्म १९०५ चा, हैदराबादच्या पठाण जहागीरदार घराण्यातला. तरुणपणीच त्यांच्या वक्तृत्वाचं नाव झालं. त्यांचं भाषण ऐकून निजाम मीर उस्मान अली खान यांनी त्यांना 'बहादूर यार जंग' हा किताब दिला आणि पुढे तेच त्यांचं नाव झालं. १९२७ मध्ये हैदराबादेत मजलिस-ए-इत्तेहादुल मुसलमीन सुरू झाली होती. मुस्लिमांतल्या वेगवेगळ्या पंथांना एका जागी बसवणं हा तिचा सुरुवातीचा हेतू. १९३८ मध्ये बहादूर यार जंग अध्यक्ष झाले आणि बघता बघता या संस्थेचा राजकीय पक्ष झाला. संस्थानांतल्या मुस्लिमांच्या लीगचेही ते नेते होते. जिनांच्या इंग्रजी भाषणांचा उर्दू तर्जुमा ते भर सभेत करत. पुढे निजामाच्या सरकारशी खटके उडाले, तेव्हा त्यांनी किताब आणि जहागीर दोन्ही सोडून दिलं. जहागिरीवर जगणाऱ्या त्या समाजात ही गोष्ट लहान नव्हती. सामान्य मुस्लिमाने त्यांच्यावर जीव टाकला तो त्यामुळेही.

२५ जून १९४४ रोजी एका मेजवानीत हुक्का ओढता ओढता ते कोसळले आणि गेले. वय अवघं ३९. हुक्क्यात विष होतं अशी कुजबुज सुरू झाली, ती अजून थांबलेली नाही. सिद्ध मात्र काहीच झालं नाही.

मजलिसची सूत्रं अबुल हसन सय्यद अली या वकिलांकडे आली. पण ज्या जागेवर ते बसले ती जागा एका गळ्याने घडवली होती, आणि तो गळा त्यांच्याकडे नव्हता. अडीच वर्षंही झाली नाहीत तोवर, १९४६ संपता संपता, अध्यक्षपद कासीम रझवी यांच्याकडे गेलं. रझवी अलीगढला कायदा शिकलेले आणि लातूरला वकिली करणारे. म्हणजे हैदराबादच्या देवडीतला नवाब बाजूला राहिला आणि मराठी मुलखातल्या तालुक्याच्या कोर्टातला माणूस पक्षाच्या शेंड्यावर जाऊन बसला. धारूरहून अंबाजोगाई, अंबाजोगाईहून लातूर. आमच्यासाठी रझवी ही दूरच्या राजधानीतली गोष्ट नाही.

उर्दूत उत्तराधिकाऱ्याला 'जानशीन' म्हणतात. 'जा' म्हणजे जागा, 'नशीन' म्हणजे बसलेला. दुसऱ्याच्या जागेवर बसतो तो जानशीन. मराठीत आपण 'वारस' म्हणतो, तोही मूळ अरबी शब्द. पण वारसाकडे घराबरोबर कर्जही येतं. वक्त्याच्या जागेवर बसणाऱ्याला एकच गोष्ट लगेच करून दाखवता येते, ती म्हणजे आधीच्यापेक्षा मोठ्याने बोलणं. रझवींनी तेच केलं. बहादूर यार जंग यांच्या काळातच स्वयंसेवकांचं दल उभं राहिलेलं होतं. रझवींनी त्याच्या हातात शस्त्रं दिली आणि त्याला खेड्यापाड्यांत सोडलं. गावं लुटली गेली, माणसं मारली गेली, बायकांची अब्रू गेली. हे आमच्या घरांतही कमी आवाजात बोललं जातं. ते मोठ्या आवाजात बोलायला हवं.

आता जर-तर मांडू. पण एक नियम पाळून. फक्त एक माणूस जिवंत ठेवायचा, बाकी काही हलवायचं नाही. बहादूर यार जंग त्या रात्री घरी परत गेले आणि १९४७ साली ४२ वर्षांचे आहेत, एवढंच धरायचं.

ते असते तरी ज्या गोष्टी बदलल्या नसत्या त्या आधी मोजू. १९४१ च्या जनगणनेत हैदराबाद संस्थानाची लोकसंख्या एक कोटी ६३ लाखांच्या आसपास होती आणि त्यात साधारण आठांत एक माणूस मुस्लिम होता. कितीही मोठा वक्ता असला तरी हा हिशेब बदलत नाही. दुसरा नकाशा. संस्थानाच्या चारी बाजूंना भारत होता, स्वतःचं बंदर नव्हतं. तिसरी गोष्ट इंग्रजांचं जाणं. १५ ऑगस्ट १९४७ ला त्यांचं सार्वभौमत्व संपलं आणि ज्याच्या आधाराने निजामाची गादी टिकली होती तो टेकूच निघाला. स्वतंत्र हैदराबाद हे स्वप्न या तिन्हींवर आपटून फुटणारच होतं. ते कोणत्या नेत्याच्या हातून फुटतं आणि काचा कोणाच्या पायात जातात, एवढंच ठरायचं होतं.

मग बदलू शकलं असतं असं काय? एक रात्र नक्की दाखवता येते. ऑक्टोबर १९४७ मध्ये भारताशी जैसे थे कराराचा मसुदा तयार होता. निजामाच्या मंत्रिमंडळाने तो बहुमताने मान्य केला होता. छतारीचे नवाब, सर वॉल्टर मॉन्कटन आणि सर सुलतान अहमद यांचं शिष्टमंडळ दिल्लीला निघायचं होतं. २७ ऑक्टोबरच्या पहाटे त्यांच्या घरांभोवती मजलिसचा हजारोंचा जमाव उभा राहिला आणि शिष्टमंडळ निघूच शकलं नाही. निजाम मागे हटला. महिनाभराने, २९ नोव्हेंबरला, जवळजवळ त्याच करारावर सह्या झाल्या. म्हणजे त्या जमावाने संस्थानाला काहीही मिळवून दिलं नाही. बदललं ते एवढंच की राज्य कोणाच्या शब्दावर चालतं हे सगळ्यांना कळलं. छतारी गेले, मीर लायक अली पंतप्रधान झाले आणि पुढचे दहा महिने रझवींच्या आवाजाचे होते.

बहादूर यार जंग असते तर तो जमाव आला असता का? आला असता तर त्यांनी तो घरी पाठवला असता का? ज्याची ताकद सिद्ध झालेली असते त्याला माघार घेणं परवडतं. नव्याने बसलेल्याला प्रत्येक पाऊल मागे घेताना आपली जागा जाईल अशी भीती असते. आणि बहादूर यार जंग यांना निजामाला नाही म्हणता येत होतं, हे त्यांनी जहागीर सोडून दाखवलं होतं. या मुद्द्यावर बुजुर्गांच्या वाक्यात दम आहे असं मला वाटतं.

पण त्याच वाक्याची दुसरी बाजू आमच्या घरांत कोणी सांगत नाही. हैदराबादची सत्ता ही मुस्लिम जमातीची सत्ता आहे, निजाम तिचं प्रतीक आहे, प्रत्येक मुस्लिम त्या राज्याचा भागीदार आहे, हा विचार रझवींचा नव्हता. तो मजलिसमध्ये बहादूर यार जंग यांच्या काळातच रुजला. कचेरीत चपराशी असलेल्या, धाब्याच्या घरात राहणाऱ्या गरीब माणसाला त्यांनी सांगितलं की तू राजा आहेस. ऐकायला किती गोड! पण ज्याला एकदा राजा म्हटलं, त्याला पुढे शेजाऱ्याइतकाच एक नागरिक हो असं कसं सांगायचं? त्या वाक्यातून परतीची वाटच नव्हती. रझवी आले ते तयार रस्त्याने आले. त्यांना अपघात म्हणणं सोयीचं आहे, पण ती जागाच तशा उमेदवाराची वाट बघत होती.

म्हणून मला वाटतं, आपण चुकीच्या तारखेपाशी थांबतो. १९४४ च्या जूनमध्ये माणूस गेला. पण दार उघडं होतं ते त्याच्या पाच-सहा वर्षं आधी, आणि तेव्हा तो माणूस जिवंत होता.

१९३८ मध्ये हैदराबादेत खूप काही एकदम घडत होतं. स्टेट काँग्रेस स्थापन होत होती आणि सरकारने तिच्यावर लगेच बंदी घातली. सत्याग्रह सुरू झाले. मराठवाड्यात अंबाजोगाईच्या शाळेत शिकवणारे स्वामी रामानंद तीर्थ त्या लढ्यात उतरले आणि तुरुंगात गेले. याच सुमारास बहादूर यार जंग आणि मंदुमुला नरसिंग राव यांच्यात बोलणी झाली. नरसिंग राव हे 'रय्यत' या उर्दू वृत्तपत्राचे संपादक. एक हिंदू संपादक उर्दूत पेपर काढतो आणि मुस्लिमांच्या सगळ्यात मोठ्या नेत्याशी जबाबदार राज्यपद्धतीवर चर्चा करतो, असं ते हैदराबाद होतं. लोकांना राज्यकारभारात वाटा कसा द्यायचा आणि मुस्लिमांचं प्रतिनिधित्व कसं राखायचं, यावर दोघांना एकत्र मांडणी करायची होती. ती बोलणी फिसकटली. १९३९ मध्ये निजामाने सुधारणा जाहीर केल्या, त्यात हिंदू आणि मुस्लिमांना समान जागा होत्या. आठांतल्या एकाला निम्म्या जागा मिळत असतील तर तडजोड कोण करतो?

त्याच १९३९ साली काश्मीरमध्ये उलटं चित्र होतं. तिथे राजा हिंदू आणि प्रजा बहुसंख्य मुस्लिम. शेख अब्दुल्लांनी आपल्या मुस्लिम कॉन्फरन्सचं नाव बदलून नॅशनल कॉन्फरन्स केलं आणि पक्षाचं दार सगळ्यांना उघडलं. बहुसंख्याकांच्या नेत्याला ते सोपं होतं, असं कोणी म्हणेल आणि ते खरंही आहे. पुढे काश्मीरचं काय झालं तो वेगळा विषय. पण संस्थानी राजकारणात पक्षाचा पाया बदलणं त्या वर्षी शक्य होतं, एवढं तरी त्यातून दिसतं. दुसरं उदाहरण भोपाळचं. राजा मुस्लिम, प्रजा बहुसंख्य हिंदू, म्हणजे हैदराबादसारखीच मांडणी. नवाब हमीदुल्ला खान यांनाही स्वतंत्र राहायची इच्छा होती, पण त्यांनी १५ ऑगस्ट १९४७ च्या आतच सामीलनाम्यावर सही केली. १९४९ च्या जूनमध्ये भोपाळ केंद्राच्या ताब्यात गेलं. फौज पाठवावी लागली नाही आणि तिथल्या मुस्लिमांना सप्टेंबर १९४८ बघावा लागला नाही.

आम्ही तो बघितला. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा शिरल्या, १७ ला निजामाने शस्त्रं खाली ठेवली. त्याच्या दोनच दिवस आधी, ११ सप्टेंबरला, कराचीत जिना वारले होते. लढाई पाच दिवसांत संपली आणि मग जे सुरू झालं त्याला आमच्याकडे अजूनही 'पुलीस ॲक्शन' याच नावाने ओळखतात. माझी दादी लोकांची वयं त्यावरूनच मोजायची. अमका पुलीस ॲक्शनच्या आधीचा, तमका नंतरचा. त्या वर्षाच्या अखेरीस पंडित सुंदरलाल आणि काझी अब्दुल गफ्फार यांचं शिष्टमंडळ सरकारच्या सांगण्यावरून संस्थानभर फिरलं. मृतांचा त्यांचा अंदाज २७ ते ४० हजारांचा होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सगळ्यात जास्त झळ बसल्याचं त्यांनी लिहिलं. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यात होतं. रझवींचं गाव म्हणून त्याचा अहवालात वेगळा उल्लेख आहे. तो अहवाल कित्येक दशकं दाबून ठेवला गेला. रझाकारांच्या अत्याचारांचीही त्यात नोंद आहे, आणि आपल्या मुस्लिम शेजाऱ्यांना जीव धोक्यात घालून वाचवणाऱ्या हिंदूंचीही. विणकरांनी विणकरांना वाचवल्याचं त्यात लिहिलंय. हे दोन्ही न वाचता कोणी फक्त आकडा सांगत असेल तर तो अर्धाच अहवाल सांगतोय.

मारल्या गेलेल्यांतल्या किती जणांनी १९४६ साली मजलिसचा अध्यक्ष निवडला होता? खेड्यातल्या अत्ताराला, पिंजाऱ्याला, मोमिनाला कोणी विचारलं होतं का? पक्षाच्या गादीवर कोण बसणार हे हैदराबादेत मूठभरांनी ठरवलं आणि त्याची किंमत बालाघाटाच्या डोंगरापासून मांजरेच्या काठापर्यंत अशा माणसांनी मोजली, ज्यांनी रझवींना कधी पाहिलंही नव्हतं. रझवी तुरुंगात गेले, १९५७ मध्ये सुटले, मजलिस अब्दुल वाहिद ओवैसी यांच्याकडे सोपवून पाकिस्तानात गेले आणि १९७० मध्ये कराचीत वारले. जी माणसं कुठेच गेली नाहीत, ज्यांनी याच मातीत ज्वारी पेरली आणि याच मातीत आपली माणसं पुरली, त्यांच्या नातवंडांना मात्र अजून रझवींचे जानशीन समजलं जातं.

म्हणूनच 'बहादूर यार जंग रैते तो' हे वाक्य आम्हाला लागतं. ते दिलासा देतं. आमचा खरा नेता चांगला होता, वाईट माणूस मागून घुसला, असं ते सांगतं. त्याच्या बरोबर उलटं वाक्य पलीकडच्या गल्लीत बोललं जातं की सगळे मुळात रझवीच होते. दोन्ही वाक्यांत चूक एकच आहे. अख्खी जमात दोन्हीकडे एका माणसाच्या नावावर लिहून टाकलेली आहे. एकाने चांगल्या माणसाच्या, दुसऱ्याने वाईट माणसाच्या.

पण जर-तरची गरज नसलेला एक माणूस त्या काळात होता. नरसिंग रावांच्या 'रय्यत'मध्ये शोएबउल्ला खान नावाचा तरुण पत्रकार काम करत होता. सरकारने 'रय्यत' बंद पाडलं, तेव्हा शोएबने 'इमरोज' हा स्वतःचा उर्दू पेपर काढला. त्यात तो रझाकारांविरुद्ध लिहायचा. हैदराबादने भारतात सामील व्हावं असं म्हणायचा. काही प्रतिष्ठित मुस्लिमांनी त्याच अर्थाचं निवेदन काढलं, तेही त्याने छापलं. २१ ऑगस्ट १९४८ च्या रात्री घरी परतताना त्याला गाठून गोळ्या घातल्या आणि लिहिणारा हात तोडला. तिशीही गाठली नव्हती त्याने. फौजा यायला तीन आठवडे उरले होते.

१९३८ मध्ये बहादूर यार जंग ज्या नरसिंग रावांशी बोलायला बसले आणि बोलणं पुरं न करता उठले, त्याच नरसिंग रावांच्या कचेरीत शोएब घडला. मोठ्या नेत्याने अर्धवट सोडलेली गोष्ट एका लहान पत्रकाराने पुढे नेली आणि तिची किंमत मोजली. 'जानशीन' या शब्दाला काही इज्जत असेल तर ती मला इथे दिसते.

माझ्या वर्गातली मुलं विचारतात, सर, त्या वेळी मुसलमान कोणाच्या बाजूने होते? मी त्यांना सांगतो की वेगवेगळ्या बाजूंनी होते, जसे हिंदूही होते. काही रझवींच्या मागे गेले. बहुतेक जण घाबरून आपापल्या कामात राहिले. आणि काही शोएबसारखे होते. बहादूर यार जंग जगले असते तर काय झालं असतं याचं उत्तर मुलांना देता येत नाही, आणि ते देण्याची घाईही करू नये. पण उर्दूच्या तासाला 'रज़ाकार' शब्द आला की मी त्याचा मूळ अर्थ फळ्यावर लिहितो, आपल्या मर्जीने काम करणारा, आणि खाली उदाहरण म्हणून शोएबउल्ला खान हे नाव लिहितो. त्याने जे केलं ते कोणी सांगितलं म्हणून केलं नव्हतं.